मोटरहोममध्ये रात्री आग लागली तर बाहेर कसं पडायचं? पलंग ठोकण्याआधीच ठरवा

इंदूरच्या लोकमान्य नगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी जुनी 17 सीटर ट्रॅव्हलर घेऊन मोटरहोम करायला दिली आहे. घरात पाच माणसं: नवरा-बायको, 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि दोन्ही गुडघे दुखणाऱ्या 74 वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत आधी महेश्वर आणि मांडू, मग कोकण. आराखडा असा: डावीकडे पुढच्या बाजूला चढायचं दार, दाराला लागूनच ओटा आणि शेगडी, मध्ये बाकावर सासूबाई, मागे आडवा डबल पलंग, केबिनच्या वर माळा करून त्यावर मुलं. मागचं दार आहे, पण पलंगाचा बॉक्स त्याला टेकतो. ताई विचारतात, "सगळे झोपेत असताना आग लागली तर बाहेर पडायची योजना कशी करायची, आणि अग्निशामक किती किलोचा घ्यावा?"

ताई, अग्निशामकाचं नंतर सांगतो. आधी आजच सुताराला फोन करा आणि मागचा पलंग ठोकायचं थांबवा.

मी 27 वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत फायर-सेफ्टीचं काम केलं. आता गाड्यांचं आतलं काम करणारे लोक मला लेआउट बघायला बोलावतात. ट्रॅव्हलर आपल्या पीथमपूरलाच बनते, त्यामुळे या बॉडीवर हात बसलेले कारागीर इथे भरपूर आहेत आणि त्यांचं काम सुबक असतं. पण त्यांना आपण सांगतो काय? सामान कुठे मावेल, पंखा कुठे हवा, टीव्ही कुठे लागेल. झोपलेलं माणूस कुठून बाहेर पडेल, हे कुणी सांगतच नाही. मग पलंग झाला, सनमायका लागला, पैसे दिले की कुणाला तो तोडवत नाही. म्हणून सुटकेची योजना सुताराच्या पहिल्या खिळ्याआधी करायची असते. एकच कसोटी लावा: गाडीत झोपणाऱ्या प्रत्येकाला दोन वेगळ्या वाटा हव्यात, आणि त्या दोन्ही त्याला अंधारात, एकट्याने, किल्लीशिवाय उघडता आल्या पाहिजेत.

आता ही कसोटी तुमच्या आराखड्याला लावू. गाडीत आग सुरू व्हायची शक्यता जास्त असलेल्या जागांपैकी एक म्हणजे शेगडी, आणि ती तुम्ही एकुलत्या एका वापरातल्या दाराला खेटून ठेवली आहे. ओट्यावर भडका उडाला की दाराकडे जायची वाट आगीच्या पुढूनच. तुम्ही दोघं मागे पलंगावर. तुमच्या पाठीमागे दार आहे, पण बॉक्स त्याला टेकलेला. मुलं माळ्यावर, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात उंच जागी. गरम धूर आधी छताला जाऊन साचतो आणि तिथून खाली उतरत येतो. तुम्हाला मागे जाग येईपर्यंत मुलांच्या तोंडाशी धूर आलेला असेल. आणि मुलं व तुमच्यामध्ये शेगडी. हे वाचून तुम्हाला त्रास होईल याची कल्पना आहे, पण अजून प्लाय कापलेला नाही, हे फार बरं आहे.

मी असतो तर असं केलं असतं. ओटा दारापासून उचलून उजव्या बाजूला, मध्यावर नेला असता. सासूबाईंचा बाक दाराजवळ, डाव्या हाताला. त्यांना एक वळण आणि दोन पायऱ्या, एवढंच अंतर हवं. मुलांना मागच्या पलंगावर, मागच्या दाराशी. माळ्यावर तुमच्यापैकी एक जण, आणि तेही केबिनमध्ये उतरून ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या दाराने बाहेर पडता येत असेल तरच. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये पार्टिशन घालायचा विचार असेल तर तो सोडून द्या. केबिनची दोन दारं म्हणजे तुमच्या हक्काच्या आणखी दोन वाटा आहेत. तुमच्यापैकी दुसरी व्यक्ती मुलांपाशी मागे.

पलंगाचा बॉक्स मागच्या दारापासून किमान दोन फूट दूर घ्या, किंवा पलंगाचा त्या बाजूचा भाग बिजागरीवर करा. दोन फुटांची ती जागा मोकळीच राहिली पाहिजे. तिथे फोल्डिंग खुर्च्या, पाण्याचे कॅन, लोणच्याची बरणी काहीही येणार नाही. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी तिथे सामान येतंच, म्हणून जमिनीवर पिवळा पट्टा मारून घ्या आणि मुलीला त्याची राखणदार करा. अकरा वर्षांची मुलं असलं काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. आणखी एक गोष्ट आजच तपासा: मागचं दार आतून उघडतं का? माल वाहणाऱ्या बॉडीत बऱ्याचदा फक्त बाहेरून हँडल असतं. आत मोठा, मूठभर खटका बसवा आणि सहा वर्षांच्या मुलाकडून उघडून घ्या. त्याला उघडता आला नाही तर खटका बदला.

दोन वाटा वेगवेगळ्या दिशांना का हव्यात, याचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. बस डाव्या कुशीवर पडली होती, दार खाली जमिनीला. जे वाचले त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर आले. आपल्याकडे चढायचं दार डावीकडेच असतं. म्हणून दुसरी वाट डावीकडे असून चालत नाही. ती मागे, उजवीकडे किंवा छतावर हवी. नुसत्या उजव्या खिडकीवरही भिस्त ठेवू नका, कारण हायवेच्या कडेला थांबलात तर उजवीकडे उडी म्हणजे थेट ट्रकपुढे. तुमच्या गाडीला मागचं दार आहे, हे म्हणूनच भाग्य समजा.

खिडक्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच फसगत होते. "इमर्जन्सी आहे ना, हातोडी लावली आहे" असं सगळे म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये मी तयार मोटरहोम बघायला गेलो. बाहेरून मागवलेल्या देखण्या खिडक्या, आतून पडदा, जाळी, सगळं एकत्र. शेजारी लाल हातोडी लटकवलेली. मालकांच्या परवानगीने मी एका खराब निघालेल्या सुट्या खिडकीवर ती हातोडी मारली. हातोडी चेंडूसारखी परत आली. दुसऱ्यांदा पूर्ण ताकद लावली, तर एक पांढरा ओरखडा आणि टोकाएवढा खड्डा. ती काच नव्हतीच, ॲक्रिलिक प्लास्टिक होतं. टोकदार हातोडी फक्त टफन्ड काचेवर चालते: कोपऱ्यात मारली की पूर्ण काच साबुदाण्यासारखी खाली सांडते. पुढची विंडशील्ड लॅमिनेटेड असते, तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो. ती तडकते पण जागेवरच राहते. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट हातोडीने फुटेल या भरवशावर झोपू नका. तशी खिडकी असेल तर तिचे खटके पूर्ण उघडून ती वरच्या बिजागरीवर बाहेर ढकलता आली पाहिजे, आणि जाळी-पडदा एका झटक्यात बाजूला झाला पाहिजे. तुमच्या गाडीत काय बसवणार आहेत ते फॅब्रिकेटरकडून लिहून घ्या. काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावरूनही टफन्ड की लॅमिनेटेड ते कळतं.

आकाराचं म्हणाल तर अमेरिकेत अशा गाड्यांच्या आपत्कालीन खिडकीसाठी 24 बाय 17 इंच, म्हणजे साधारण 61 बाय 43 सेंटिमीटर मोकळी जागा किमान मानतात. लक्षात घ्या, हे माप उघडल्यानंतर मिळणाऱ्या भोकाचं आहे, चौकटीचं नाही. सरकत्या खिडकीत अर्धीच बाजू मोकळी होते. पुठ्ठ्यात 24 बाय 17 चं भोक कापा आणि घरातल्या अंगापिंडाने सगळ्यात भरलेल्या माणसाला त्यातून काढून बघा. मी तर म्हणेन, जमेल तेवढी मोठी करा.

आणि खिडकीतून बाहेर पडायचं ते डोकं आधी घालून नव्हे. गाडीच्या खिडकीचा कठडा बाहेरच्या जमिनीपासून सहज पाच-साडेपाच फूट भरतो. डोकं आधी गेलं तर मान जाईल. कठड्यावर गोधडी किंवा उशी टाकायची, आधी पाय बाहेर, पोट कठड्यावर, मग दोन्ही हातांनी कठडा धरून लोंबकळायचं आणि सोडायचं. लोंबकळल्यावर लहान मुलाच्याही पायाखाली जेमतेम फूटभर उरतं. मुलांना हे खेळ म्हणून शिकवता येतं. खिडकीतून बाहेर पडायची वेळ आली तर आधी एक मोठं माणूस बाहेर, मग मुलं त्याच्या हातात, मग दुसरं मोठं माणूस. आईला आधी बाहेर जाणं जमत नाही, जीव तुटतो, मला माहीत आहे. पण अंधारात लेकरू एकटं खाली पडलं तर ते गाडीखाली शिरेल किंवा रस्त्याकडे पळेल.

सासूबाईंना मात्र खिडकी नको. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस तिथे अडकलं तर मागचे सगळे अडकतात. त्यांची पहिली वाट दार, दुसरी वाट केबिन किंवा मागचं दार, दोन्हीकडे पायरी आणि धरायला दांडी. खाली उतरताना पहिली पायरी जमिनीपासून खूप उंच राहते, तिथे माणूस अंधारात थबकतं. बाहेर काढायची सुटी पायरी रात्री लावूनच झोपायचं.

आता कुलुपाचं. आपल्या लोकांना आगीपेक्षा चोराची भीती जास्त. त्यात गैर काही नाही; अनोळखी जागी बायका-मुलांना घेऊन झोपायचं तर काळजी वाटणारच. पण आतून कुलूप लावून किल्ली पाकिटात, पाकीट पँटमध्ये, पँट कपाटात, हे मी स्वतः पाहिलं आहे. खिडक्यांना घरासारखे गज वेल्डिंग करून घेतलेलेही पाहिले आहेत. आतून कडी हवी, कुलूप नको. कडी जाड, मजबूत, वर-खाली दोन असल्या तरी चालतील, पण दोन्ही एका हाताने, नुसत्या खेचण्याने उघडणाऱ्या. खिडकीला गज हवेच असतील तर बिजागरीचे, आतून पिन काढली की उघडणारे. मध्यवर्ती लॉकवर विसंबू नका. वायरिंग जळालं की ते चालेल याची खात्री नाही, म्हणून प्रत्येक दाराचा हाताने ओढायचा खटका चालतो ना ते बघा. गाडीची किल्ली दाराजवळ खिळ्यावर, रोज त्याच खिळ्यावर.

जाग येण्याचा प्रश्न वेगळा. झोपेत नाक आपल्याला भरवशाने उठवत नाही. फोमच्या गाद्या, रेक्झिन, प्लाय जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडसारखे वायू निघतात, आणि दोन-चार श्वासांत माणसाची ताकद व भान जातं. एवढ्याशा जागेत धूर भरायला वेळ लागत नाही. मी लोकांना सांगतो, जाग आल्यापासून मिनिटभर हातात आहे असं धरून चाला. म्हणून तीन अलार्म. धुराचा छताला, शेगडीच्या अगदी डोक्यावर नको. फोडणीला रोज वाजला तर तुम्हीच त्याची बॅटरी काढून ठेवाल. कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला. गॅसगळतीचा जमिनीपासून वीतभर वर, कारण एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो आणि खाली साचतो. हे तिन्ही मिळून तुमच्या टीव्हीपेक्षा स्वस्त पडतील.

एलपीजीवर फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी. हवेत त्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास गेलं तरी ठिणगी पुरते. त्यामुळे गॅसचा अलार्म वाजला तर दिव्याचं बटण, एक्झॉस्ट, मोबाइल कशालाही हात न लावता आधी दार उघडून बाहेर पडायचं. मग बाहेरून रेग्युलेटर बंद, दूर जाऊन 1906 ला फोन. हा गळतीसाठीचा नंबर आहे. आग असेल तर 112 किंवा 101. सिलिंडरची पेटी बाहेरून उघडणारी, आतल्या बाजूने हवाबंद आणि तळाला जाळीची मोकळी भोकं असलेली हवी, म्हणजे गळलेला गॅस गाडीबाहेर सांडेल. झोपताना आणि गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. खरं सांगू? तुमच्यासारख्या आठ-पंधरा दिवसांच्या सहलींना गॅस गाडीत ठेवूच नये. बाहेर टेबल टाकून छोट्या शेगडीवर स्वयंपाक करा. महेश्वरच्या थंडीत कुणी सिगडी आत घेतली तर त्यांना थांबवा. कोळशाच्या निखाऱ्याला धूर नसतो, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. डासांची कॉइल पलंगाखाली नको, चार्जिंगला लावलेला फोन किंवा पॉवरबँक गादीवर नको.

वायरिंगमध्ये एकच जागा मी हात लावून बघतो. 1500 वॅटचं इंडक्शन 12 व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरने चालवलं तर बॅटरीतून 125 अँपिअरपेक्षा जास्त करंट निघतो, नुकसान धरून 140 च्या पुढेमागे. घरच्या मिक्सरच्या वायरीची सवय असलेला इलेक्ट्रिशियन इथे बारीक केबल टाकतो किंवा लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा, नुसता पक्कडने दाबतो. तो सैल लग अर्ध्या तासात तापतो. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवाच, नाहीतर त्यापुढे केबल कुठे घासली तर पूर्ण बॅटरी त्या केबलमधून रिकामी होते. लिथियम घेत असाल तर फेरो फॉस्फेट घ्या, ती उष्णतेला जास्त दमदार असते. बॅटरी पलंगाखाली नको, आणि सुटकेच्या वाटेवर तर मुळीच नको.

आता सरावाबद्दल, कारण तोच योजनेचा जीव आहे. भिंतीवर चिकटवलेला नकाशा रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. निघायच्या आधीच्या रविवारी, पोहे-जलेबी झाल्यावर, गाडी दसरा मैदानावर घेऊन जा. पडदे ओढा, सगळे आपापल्या जागी झोपा, डोळ्यांवर रुमाल बांधा. तुमच्यापैकी एक जण एकच शब्द ओरडेल, "बाहेर!" पुरे. उभं राहायचं नाही, हात-गुडघ्यांवर. सासूबाईंना ते जमणार नाही, त्यांनी वाकून, तोंडावर पदर धरून, दांडीला हात लावत जायचं. प्रत्येकाने हाताला काय लागतं ते मोजायचं: पलंगाची कड, कपाटाचा कोपरा, फ्रिज, मग दार. हाताला ही मोजणी पाठ झाली पाहिजे. दुसऱ्या फेरीत जाहीर करा की पुढचं दार बंद. मग बघा कोण कुठे जातं. माणूस ज्या दाराने आत आलं त्याच दाराकडे धावतं, त्यामुळे ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा मोलाची.

मागच्या वर्षी सुदामा नगरच्या एका कुटुंबाचा असा सराव घेतला. सहा माणसं. पहिल्या फेरीला 1 मिनिट 50 सेकंद. लहानगा सापडेना. तो पलंगाखाली पांघरुणात गुरफटून बसला होता. मोठ्यांचा आवाज ऐकून घाबरला होता. लहान मुलं आगीत लपतात, पलंगाखाली, कपाटात, कारण आवाज आणि धूर यांपासून लपलं की सुरक्षित, असं त्यांना वाटतं. तुमच्या मुलाला जवळ घेऊन सांगा, "लपायचं नाही, आणि काहीही घ्यायचं नाही, खेळणंसुद्धा नाही. बाहेर आलास की आई तिथे आहे." त्या घरात आम्ही मग दोन गोष्टी बदलल्या: आजोबांची जागा दाराजवळ आणली आणि वाटेतली बुटांची रॅक काढली. चौथ्या फेरीला 38 सेकंद. तुम्ही 40 च्या आत या, माझं समाधान होईल.

बाहेर आल्यावर जमायची जागा रोज मुक्कामाला पोहोचल्यावर ठरवायची, चहा टाकायच्या आधी. गाडीपासून निदान 30 मीटर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, आणि रस्त्यापासून दूरच्या बाजूला. "ते वडाचं झाड" असं सगळ्यांना बोटाने दाखवायचं. तिथे डोकी मोजायची. पाच झाली की कुणीही परत जायचं नाही, ना पर्ससाठी, ना मोबाइलसाठी.

वाट दाखवायला पट्ट्या लावाल तर एक फरक समजून घ्या. बाजारात "रेडियम" म्हणून मिळणारी पट्टी बहुतेक वेळा नुसती प्रकाश परतवणारी असते. ट्रकच्या मागे असते ती. तिच्यावर टॉर्च पडली तरच ती दिसते. तुम्हाला हवी ती दिव्यात चार्ज होऊन अंधारात स्वतः उजळणारी. दुकानात मूठ झाकून आत बघा, उजळली तरच घ्या. ती खाली लावा, पायाच्या उंचीला, कारण धुरात तेवढंच दिसतं. प्रत्येकाच्या उशाशी छोटी टॉर्च आणि पायाशी चप्पल.

गाडी कुठे आणि कशी लावता यावरही बरंच अवलंबून आहे. तोंड बाहेरच्या रस्त्याकडे. मागच्या दाराला भिंत किंवा झाड चिकटलेलं नको, दार पूर्ण उघडून त्यातून माणूस उतरेल एवढी जागा हवी. दिवाळीत नाही, पण पुढे मार्च-एप्रिलमध्ये जाल तेव्हा गव्हाच्या कापलेल्या शेतात गाडी घालू नका. नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, वाळून खडखडीत झालेली असते. बीएस-6 डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करताना सायलेन्सरच्या भागातलं तापमान 600 अंशांच्या आसपास जातं. खाली वाळलेले धांडे असतील तर पेटायला दुसरं काही लागत नाही, आणि शेजारच्या शेतात कुणी बंदी असूनही नरवाई पेटवली असेल तर वारा ती आग तुमच्यापर्यंत आणतो. बाफले करायचे असतील तर जरूर करा, गोवऱ्यांवरच्या बाफल्यांना ओव्हनची सर नाही. पण गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि झोपायच्या आधी निखाऱ्यांवर पाणी ओतून, हलवून, पुन्हा पाणी. नुसती माती टाकली तर आत धग राहते.

महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढे घाट उतरावा लागतो. सामान, पाण्याची टाकी, फर्निचर यांनी गाडीचं वजन वाढलेलं असतं, आणि नवखा चालक ब्रेक दाबून उतरतो. याच वाटेवरच्या गणपती घाटात ब्रेक गेल्याने झालेले अपघात आणि पेटलेल्या गाड्या इंदूरकरांना नव्या नाहीत. वरूनच खालचा गिअर टाकून उतरा, खाली थांबून चाकांजवळ जळका वास येतो का बघा. चालत्या गाडीत धूर दिसला तर डावीकडे घ्या, इंजिन बंद, हँडब्रेक, सगळे डाव्या दाराने खाली. बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की आग उसळते. फटीतून अग्निशामकाची पावडर मारा.

अग्निशामक: एबीसी ड्राय पावडर, आयएसआय मार्कचे दोन घ्या, 2 किलोचे. एक दाराजवळ, एक केबिनमध्ये किंवा मागच्या दारापाशी. शेगडीच्या वर किंवा ओट्याखाली नको, पेटलेल्या शेगडीवरून हात घालायची वेळ येईल. 2 किलोचा सिलिंडर दहाएक सेकंदांत संपतो. म्हणून तो आग विझवायला आहे असं न मानता वाट मोकळी करायला आहे असं माना. सगळे बाहेर पडत असताना एकाने, पाठ दाराकडे ठेवून, ज्वाळेच्या बुडाशी मारायचा. संपला की तोही बाहेर. महिन्यातून एकदा काटा हिरव्यात आहे ना ते बघा. गाडी हादरे खाते, पावडर तळाला बसते. सिलिंडर उलटा-सुलटा करून हलवत चला.

कागदांचंही आत्ताच उरकून घ्या. मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असे बदल करायला आरटीओची परवानगी लागते, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. फॅब्रिकेटर "काही होत नाही" म्हणेल. परवानगीशिवायच्या बदलांवर विमा कंपनी दावा नाकारू शकते, ही गोष्ट त्याला नव्हे, तुम्हाला निस्तरावी लागते.

सुताराशी बोलायच्या आधी मला पाच आकडे पाठवा: मागच्या दाराची उघडल्यावरची मोकळी रुंदी, खिडकीच्या कठड्याची आतून आणि बाहेरून जमिनीपासूनची उंची, चढायच्या दाराची पहिली पायरी जमिनीपासून किती वर आहे, आणि सासूबाई दांडी धरून, न कण्हता, पाय किती इंच उचलू शकतात ते. शेवटचा आकडा त्यांना विचारून सांगू नका, त्या जास्तच सांगतील. भिंतीशी उभं करून पट्टीने मोजा. तो आला की पायऱ्या किती आणि केवढ्या करायच्या ते कळवतो.